तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा होताना वस्ती कुठे वाढू द्यावी आणि कुठली जमीन राखावी?

काळी जमीन राखा आणि वस्ती बरडावर, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीवर न्या, हे माझं उत्तर. पण ते नकाशावर उतरवताना अडचणी येतात, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही लिहिलंय की गाव वर्धा जिल्ह्यातलं आहे, ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली आणि आता प्रारूप विकास आराखडा येणार आहे. माझी सगळी नोकरी याच भागात जमिनी मोजण्यात गेली, आता घरची शेती पाहतो.

आपल्याकडची भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. कपाशी, तूर, चण्याला हीच माती सोन्यासारखी. घराची मात्र ती वैरीण. काळ्या वावरात प्लॉट पाडून झालेल्या एखाद्या जुन्या लेआऊटमध्ये जाऊन बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढलेली भेग दिसेल, दिवाळीच्या रंगाआधी तिच्यात भरलेलं सिमेंट दिसेल, आणि श्रावणात दार चौकटीत अडकत असेल. पाया मुरमापर्यंत नेला तर घर टिकतं, पण मातीचा थर दहा-बारा फूट असेल तर तो खर्च साध्या माणसाला झेपत नाही. बरडावर मुरूम दीड-दोन फुटांवर लागतो. तिथे ज्वारी कशीबशी येते, पण घर हलत नाही.

तरी लेआऊट काळ्यातच पडतात, कारण सपाट वावर आणि शेजारून जाणारा डांबरी रस्ता. लेआऊटवाला रस्ता बघून जमीन घेतो, आणि पुढे आराखड्यात त्याच पट्ट्याला पिवळा, म्हणजे रहिवासाचा रंग लागतो; शेतीचा पट्टा हिरवा असतो. म्हणून आराखडा यायच्या आधी स्वतःचा नकाशा तयार ठेवा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. आपल्या भागातल्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत जमिनीची प्रत, म्हणजे दर्जा लिहिलेला असतो, भारीकडून हलकीकडे: काळी, मोरंड, खरडी, बर्डी. ते कागद मिळाले नाहीत तर सातबाऱ्यावरची आकारणी बघा. हेक्टरी आकार जिथे जास्त, तिथली जमीन साधारण चांगली. गटागटात पेन्सिलीने प्रत भरत गेलात की कुठला पट्टा वस्तीला सोडायचा आणि कुठला शेतीला राखायचा, ते डोळ्यांसमोर येईल.

त्याच नकाशावर नाले, पांदण रस्ते, विहिरी, तलाव आणि तलावात पाणी ज्या उतारावरून येतं तो उतार ठळक करा. तलावाची पाळ सगळे जपतात, पाणी येण्याची वाट कोणी जपत नाही. तिथे प्लॉट पडले की दोन-चार पावसाळ्यांत तलाव कोरडा राहतो आणि तेच पाणी लोकांच्या घरात शिरतं.

नाल्याच्या बाबतीत कोणाचंही ऐकू नका. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली, पुढे गाव दुसरीकडे वसवावं लागलं. आपल्याकडे निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. लहान नाल्यांवर बहुतेक ठिकाणी या रेषा आखलेल्याच नसतात. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला सांगा आणि ती जागा नकाशावर मांडा.

आता बरडाची अडचण. बरड म्हणजे मोकळी, कामाची नसलेली जागा, असं समजू नका. त्यातली बरीच गुरचरण असते किंवा झुडपी जंगल. झुडपी जंगल ही वनजमीनच, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला स्पष्ट केलंय, त्यामुळे तिकडे बोट दाखवलंत तर मामला अडकेल. गुरचरणावर तर आपल्याकडची गवळाऊ जातीची जनावरं जगतात. ती चराई गेली की गावातला गोठा रिकामा व्हायला वेळ लागत नाही. निस्तार पत्रकात चराई, सरपण, रस्त्याचे हक्क लिहिलेले असतात, त्याची नक्कल अवश्य घ्या. मी म्हणतो ते खासगी खातेदारांचं बरड.

आणि नवीन पिवळा पट्टा मागण्याआधी जुने लेआऊट मोजा. गुंतवणूक म्हणून घेतलेले, चार दगड रोवून सोडलेले प्लॉट किती आहेत ते बघा. त्यांच्यापर्यंत नळ, नाली आणि दिवे न्यायचा खर्च नगर पंचायतीच्याच माथी आहे. ते भरल्याशिवाय पुढची काळी जमीन उघडणं मला पटत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न शेतकऱ्याचा आहे. धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडचं वावर पिवळ्यात गेलं तर मालक मालामाल होतो, पलीकडचा हिरव्यात राहिला तर त्याने फक्त कपाशी पेरायची. हा अन्याय आहे, आणि "शेती वाचवा" म्हणणाऱ्यांनी तो मान्य केला पाहिजे. वाढीच्या पट्ट्यात नगररचना परियोजना मागा. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, मैदान काढतात आणि उरलेले प्लॉट मालकांना हिश्शाने परत मिळतात, त्यामुळे आरक्षणाचा बोजा एकट्यावर पडत नाही. हिरव्या पट्ट्यातल्यांसाठी निदान पक्की पांदण आणि दिवसा वीज मागा. नाहीतर दोन नापिकी झाल्या की तेच वावर विकायला निघेल.

प्रारूप आराखडा राजपत्रात आला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांना तीस दिवस मिळतात. लेखी द्या, प्रत्येक हरकतीत गट नंबर लिहा, सोबत तुमचा पेन्सिलीचा नकाशा जोडा आणि पोच घ्या. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तिथे एकटे जाऊ नका, त्या गटांचे खातेदार सोबत न्या.