स्किझोफ्रेनिक हवामान? नको हो!

प्रश्न आलाय की ‘सकाळी ऊन, दुपारी धो धो पाऊस, हवामान अगदी स्किझोफ्रेनिक झालंय’ असं लिहिलं तर चालेल का, आणि स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराला धड मराठी शब्द कुठला.

नाही चालणार. लहरी म्हणा, चंचल म्हणा, घटकेत असं घटकेत तसं म्हणा, मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? पक्षाने धोरण बदललं की स्किझोफ्रेनिक, टीम एक मॅच जिंकून दुसरी हरली की स्किझोफ्रेनिक, ऐकून ऐकून कान किटलेत. एका अंगात दोन माणसं हा जो सिनेमावाला अर्थ डोक्यात बसलाय ना, तो आजारच वेगळा आहे.

आता शब्द ज्याने घडवला त्याच्याकडे या. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर, जन्म १८५७, झुरिकजवळचं त्सोलिकोन गाव, घर शेतकऱ्याचं. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली या वेड्यांच्या इस्पितळात आधीचे बरेच मुख्य डॉक्टर जर्मनीहून आलेले, त्यांना पेशंटची गावरान स्विस बोली कळायची नाही आणि लोक त्यावरून कुरकुरायचे. हा पठ्ठ्या त्याच बोलीत वाढलेला, शिवाय सख्खी बहीणच मनाच्या आजाराने आजारी. १८८६ पासून बारा वर्षं तो राइनाऊला होता, म्हणजे ऱ्हाइन नदीतल्या बेटावरच्या जुन्या मठात भरवलेल्या इस्पितळात, पेशंटच्या संगतीतच राहायचा, त्यांचं बोलणं बडबड म्हणून सोडून न देता ऐकायचा. मग १८९८ ला बुर्गहोल्झ्लीचा प्रमुख झाला तो थेट १९२७ पर्यंत.

तोवर या आजाराचं नाव होतं डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश, आणि क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने ते पक्कं करून टाकलेलं. ब्लॉयलर म्हणाला, दर वेळी अकाली नसतो आणि दर वेळी बुद्धिभ्रंशही होत नाही, मग नाव कसलं हे! १९०८ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या भाषणात त्याने स्किझोफ्रेनिया हा शब्द मांडला, १९११ ला जाडजूड पुस्तक काढलं, त्याच्या नावात तर चक्क अनेकवचन आहे, स्किझोफ्रेनियांचा गट. आणि गंमत बघा, जुन्या नावाबद्दल त्याची एक तक्रार अशी होती की त्यापासून पेशंटसाठी विशेषण बनत नाही. नव्या शब्दापासून बनलं, आणि आज आपण ते पावसाला लावतोय.

बरं, शब्दाचा अर्थ मन फाटणं, मग तुटतं काय? विचार, भावना, इच्छा यांना जोडणारे धागे सैल होतात, एका विचाराला दुसरा लागून येत नाही. दोन तुकडे नव्हेत, विस्कटणं. (ब्लॉयलरने व्यक्तिमत्त्वाची एकसंधता जाते असंही लिहिलंय, म्हणजे गोंधळाला थोडा हातभार त्याचाही आहे, पण दोन माणसं असं तो म्हणाला नव्हता.)

आता खरी मजा. ग्रीक स्किझो म्हणजे फाडणं, चिरणं, आणि हा आपल्या संस्कृत छिद् धातूचा सख्खा भाऊ! जिथे ग्रीकात स्क तिथे बऱ्याचदा संस्कृतात छ येतो, ग्रीक स्किआ म्हणजे सावली, आपली छाया. लॅटिनमध्ये स्किंदो, आपल्याकडे छिनत्ति, मधला न सुद्धा जसाच्या तसा. छेद, छिद्र, विच्छेद सगळं त्याच घरातलं. बर्फावरची स्की पण तिथलीच, मूळ अर्थ लाकडाची चिरफळी, स्विस माणसाच्या शब्दाला याहून शोभेल असा नातेवाईक कुठे मिळणार? फ्रेन म्हणजे ग्रीकांच्या लेखी मन, पण आधी छातीपोटामधला पडदा, म्हणून डॉक्टर अजून त्या पडद्याच्या नसेला फ्रेनिक म्हणतात. आपलंही अर्धं मन पोटातच असतं, पोटात ठेवतो, पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं.

म्हणून छिन्नमनस्कता हा मराठी शब्द मला भारी वाटतो. ज्याने केला त्याला हे नातं माहीत असणार असा माझा दाट संशय आहे, पुरावा मागू नका. छिन्न झालेल्या वस्तूचे दोनच तुकडे असतात असं थोडंच आहे, छिन्नविच्छिन्न म्हणतो तेव्हा आपण मोजत बसतो का? उलट ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ लिहिणाऱ्या पाठ्यपुस्तकवाल्यांनी त्या ‘दु’पायी पिढ्यान् पिढ्या चुकीचं शिकवलंय. आणि हिंदीचा सरकारी मनोविदलता तर कहरच, विदल ऐकलं की डोळ्यासमोर डाळ येते, आणि डाळीच्या तर बरोब्बर दोनच फाका होतात. हा शब्द मराठीत आणा म्हणणारे विद्वान भेटतात, त्यांनी एकदा हरभरा भरडून बघावा.

ऑटिझम आणि अँबिव्हॅलन्स हेही ब्लॉयलरचेच बरं का. अँबिव्हॅलन्स म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्याला निदान म्हण तरी आहे आपल्याकडे. ऑटिझम त्याने या पेशंटच्या स्वतःतच बुडून जाण्याला म्हटलं होतं, लहान मुलांचा आजार म्हणून तो शब्द नंतर आला.

जपान्यांनी मात्र २००२ मध्ये आजाराचं नावच बदललं. आधीच्या नावाचा अर्थ होता मन फाटल्याचा आजार, आणि ते इतकं भयंकर वाटायचं की डॉक्टर पेशंटला सांगायलाच कचरायचे, शेवटी पेशंटच्या घरच्यांच्या संघटनेने बदलाची मागणी लावून धरली. आपल्याकडच्या घरच्यांनाही उद्या छिन्न टोचलं तर बदला बापडे, मी भांडणार नाही. फक्त नवीन शब्दात ‘दु’ घालू नका.