ख्रिस्तासाठी पैशावर पाणी सोडणारी माणसं खरंच असतात का?

तुम्ही विचारलंय, अशी माणसं खरंच असतात की हे फक्त प्रवचनापुरतं? मी वसईचा, कॅथलिक. आमच्याच घरात घडलंय, म्हणून लिहितो.

बहिणीचं लग्न तोंडावर आलं तेव्हा बाबांनी बावखलाकडची, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकडची, १४ गुंठे वाडी विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं, भावही ठरला. पण निम्म्याहून जास्त रक्कम तो रोख देणार होता आणि खरेदीखतात आकडा कमी दाखवायचा होता. सगळे असंच करतात, मीही बाबांना तेच सांगितलं. ते ओटीवर बसून केळीच्या सुक्या पानांत सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, बांधत होते. मान वर न करताच म्हणाले, "खोट्या आकड्याखाली सही करून रविवारी चर्चमध्ये कम्युनियन, ख्रिस्ताचा प्रसाद, घ्यायला कुठल्या तोंडाने जाऊ?" त्या माणसाने भाव वाढवून पाहिला, मग चहा अर्धा टाकून उठला.

मी बाबांशी आठ दिवस बोललो नाही. लग्न पतपेढीच्या कर्जावर झालं, हप्ते मी चार वर्षं फेडले. अशा गोष्टी लोक फार गोड करून सांगतात. आईने त्या काळात सोन्याच्या बांगड्या मोडल्या, तो दिवस मला अजून आठवतो.

बाबांचा लाडका संत गोन्सालो गार्सिया, आमच्या वसईतच जन्मलेला. पूर्वेकडे त्याचा व्यापार उत्तम चालला होता. धंदा बुडाला म्हणून देवाकडे वळलेला हा माणूस नव्हे, हे बाबा आवर्जून सांगत. चालता व्यापार सोडून तो मनिलाला गरिबीचं व्रत घेणारा फ्रान्सिस्कन बंधू झाला. पण त्याने नफा सोडला, आधी जपानमध्ये राहून शिकलेली भाषा सोडली नाही. त्या भाषेच्या बळावर १५९३ मध्ये तो दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २५ सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याच्यापुढे आमची वाडी म्हणजे काहीच नाही, पण बाबांना बळ तिथूनच मिळायचं.

आता बाबा नाहीत. त्याच वाडीचा व्यवहार मागच्या वर्षी मी केला, सगळी रक्कम चेकने. दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसरं यायला सात महिने लागले.