आधी वही, मग पाइप

नाशिक, रविवार संध्याकाळ

पोरा,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या आईने फोनवर विचारलं, "भाऊ, हे सेप्टिक टाक्या उपसायचं काम शिकायला किती दिवस लागतात?" मी म्हटलं, पाइप जोडायला एक दुपार, बाकीचं मीच अजून शिकतोय. तिला थट्टा वाटली. तुला मात्र नीट लिहून ठेवतो, कारण गाडीचा पंप सुरू झाला की बोलणं ऐकू येत नाही आणि मग मी ओरडतो. ओरडून सांगितलेलं डोक्यात राहत नाही, फक्त राग राहतो.

तू सातपूरच्या आयटीआयमधून प्लंबिंग करून आलायस. उतार, सांधे, व्हेंट पाइप हे तुला येतं, उताराचं गणित माझ्याहून बरं येत असेल. पण तुझ्या पुस्तकातल्या टाकीला झाकण दिसतं. इथे कित्येक घरमालकांना आपल्या टाकीचं झाकण कुठे आहे हेच माहीत नसतं. मखमलाबादला एका बंगल्यात आम्ही तासभर पहार आपटत फिरलो. सापडलं ते तुळशीवृंदावनाखाली. मालकीणबाईंनी आधी दिवा लावला, हात जोडले, मग वृंदावन सरकवायला परवानगी दिली. तोवर आम्ही गाडीच्या सावलीत बसून होतो.

म्हणून पहिले तीन महिने तुझ्या हातात पाइप देणार नाही. दोनशे पानी वही देईन. प्रत्येक टाकीचं एक पान. घरात माणसं किती, टाकी कोणत्या साली बांधली, शेवटची कधी उपसली, विटांची की काँक्रीटची की प्लास्टिकची, कप्पे किती, बाहेरचं पाणी जातं कुठे. पावसाळ्यात संडास तुंबतो का, हे घरातल्या बायकांना विचार, पुरुषांना माहीत नसतं. उत्तर मिळालं नाही तर तसं लिही, अंदाज लिहू नकोस. माझ्या जुन्या वह्यांना वाळवी लागली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

मग बांबू. एका लांब काठीला खालून चार-पाच फूट पांढरा पंचा घट्ट गुंडाळायचा, सुतळीने बांधायचा आणि टाकीत सरळ तळापर्यंत सोडायचा. दोन-तीन मिनिटं थांबायचं, हलवायचं नाही. वर काढलास की पंच्यावर टाकी उमटलेली असते: खाली काळा चिकट पट्टा तो गाळ, त्याच्या वर फिकट मळकट भाग ते पाणी. सगळ्यात वर तरंगते ती साय, तिची जाडी वेगळी मोजावी लागते, तेही दाखवीन. गाळ आणि साय मिळून टाकीची एक तृतीयांश खोली व्यापली की उपसायची वेळ झाली. त्याच्या आत असेल तर गिऱ्हाइकाला सांग, "अजून वर्षभर गरज नाही." त्या दिवसाची मजुरी जाते, पण त्या घराचा फोन पुढे दुसऱ्या गाडीला जात नाही. सिन्नर आणि साताऱ्याकडच्या वाईत दर तीन वर्षांनी वेळापत्रक लावून टाक्या उपसायची पद्धत सुरू झाली, तशी सगळीकडे झाली तर बरं. आपल्याकडे लोक मैला अंगणात येईपर्यंत थांबतात आणि मग रात्री अकराला फोन करतात.

आपल्या जमिनीबद्दल थोडं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पाणी पीत नाही. आडगावकडे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर येणारं पाणी जिरवायचा खड्डा, भरला की लोक म्हणतात टाकी भरली. टाकी ठीकच असते, खड्ड्याला पाणी जिरवता येत नाही. अशा ठिकाणी टाकी उपसून पैसे घेणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला मलम लावणं. आठ दिवसांत पाणी पुन्हा वर. माती पाणी किती पिते ते बघायला खड्डा खणून, आधी पाणी मुरवून, मग २५ मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं असतं. सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये हे सगळं आहे. ते वाच. कंटाळवाणं आहे, तरी वाच.

माझी चूकही ऐकून ठेव. गंगापूर धरणाच्या वाटेवर एक शेतघर होतं. ऑगस्ट महिना, चार दिवस संततधार. दोन कप्प्यांची विटांची टाकी. मी पहिल्या कप्प्यात पाइप सोडला आणि तो तळापर्यंत कोरडा केला. दुसरा कप्पा काठोकाठ भरलेला. मधल्या भिंतीतलं भोक गाळाने बुजलं होतं, ते मी पाहिलं नव्हतं. आधी "टक्" असा बारीक आवाज आला, मग चार इंची भिंत रिकाम्या बाजूला झोपली. ती माझ्या पैशाने बांधून दिली, पावणेदोन महिन्यांची कमाई गेली. तेव्हापासून थोडं इकडचं, थोडं तिकडचं, दोन्हीकडचं पाणी बरोबरीने उतरवायचं. भर पावसात जमिनीत पाणी चढलेलं असताना टाकी पूर्ण रिकामी करायची नाही. प्लास्टिकची असेल तर बाहेरच्या पाण्याच्या जोराने ती तराफ्यासारखी वर येते, पाइप मोडतात ते वेगळंच.

आता मुख्य गोष्ट. मी चोवीस वर्षांचा असताना माझा पाना टाकीत पडला. दीडशे रुपयांचा पाना. टाकी अर्धी उपसलेली, तळ दिसत होता. मी शिडीच्या दोन पायऱ्या उतरलो असेन, उस्तादांनी मानेला धरून वर ओढलं आणि कानफटीत मारली. शब्द एक नाही बोलले. संध्याकाळी म्हणाले, "वास आला का?" मी म्हटलं, आधी आला, मग गेला. "गेला म्हणजे तुझं नाक मेलं."

ते खरं होतं. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. थोडा असेल तेव्हाच येतो. दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं. आणखी वाढला तर माणूस उभ्याउभ्या कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. हा हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. मिथेन हलका, वर येतो आणि पेटतो, म्हणून झाकणाजवळ बिडी नाही, काडी नाही. उस्ताद मात्र कंदील सोडून बघायचे: जळत राहिला तर हवा चांगली. त्यांचं सगळं बरोबर नव्हतं. विषारी वायूतही कंदील जळत राहू शकतो आणि मिथेन असेल तर कंदीलच स्फोट करील.

आपल्याकडे चार वायूंचा मीटर आहे. दोरीला बांधून वर, मध्ये, तळाशी असा सोडायचा. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आकडा दिसला की तिथून मागे. आणि मीटर शांत आहे म्हणून टाकी शांत आहे असं समजू नकोस. गाळात वायू अडकून असतो. तू बांबूने ढवळलंस की एकदम सुटतो. पंपाच्या धुराड्यातूनही तोच बाहेर पडतो, म्हणून गाडी उभी करताना वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. आमचा एक ड्रायव्हर धुराड्याशेजारी टेकून फोनवर बोलत होता, चक्कर येऊन रस्त्यावर बसला. नशीब म्हणून रस्त्यावर.

तर आत उतरायचं नाही. गाळ घट्ट झाला असेल तर वरून पाण्याचा फवारा मारून सैल करू, दोन खेपा जास्त मारू, वेळ लागला तर लागू दे. कोणी म्हणेल, "एक मिनिट उतर, पाचशे जास्त देतो." त्याला सांग, हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि माणूस मेला तर तीस लाख भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. हे ऐकून पाचशे रुपये खिशात परत जातात, मी पाहिलंय. आणि मी स्वतः सांगितलं तरी उतरायचं नाही. हे वहीच्या पहिल्या पानावर लिही, खाली माझी सही घे.

कोणी पडलाच तर मागोमाग उडी नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा जातो तो वाचवायला गेलेला असतो, पुष्कळदा भाऊ किंवा मुलगा. वरून ब्लोअरने हवा सोडायची, १०१ ला फोन करायचा, बघ्यांना झाकणापासून लांब ढकलायचं. हात बांधून उभं राहणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. म्हणूनच आत्ता सांगतोय, तेव्हा सांगून उपयोग नसतो.

उपसलेला मैला कुठे न्यायचा, हे गाडी भरल्यावर ठरवायचं नाही. प्रक्रिया केंद्रावर, जिथे घेतात तिथे, पावती घेऊन. अंधारात नासर्डी नदीच्या काठाला पाइप सोडणारे तुला भेटतील, डिझेल वाचतं म्हणून हसून सांगतील. द्राक्षवाले म्हणतील, आमच्या बागेत सोड, खत होईल. कच्च्या मैल्यात जंतांची अंडी असतात, ती मातीत कित्येक महिने टिकतात. मजूर बाया त्याच मातीत अनवाणी फिरतात. २०२७ च्या सिंहस्थात कामाची रीघ लागेल, प्रत्येक जण "लवकर कर" म्हणेल. त्या गर्दीत नवीन गाड्या येतील आणि नवीन पोरंही. तोवर तुझी एक वही भरलेली असावी.

गिऱ्हाइकं विचारतील, "दादा, पावडर टाकू का?" नको म्हण. टाकीला लागणारे जंतू संडासातूनच येतात, विकत आणावे लागत नाहीत. अॅसिड आणि फिनाइल कमी ओता, पॅड आणि गुटख्याच्या पुड्या टाकू नका, एवढं सांग. पॅडबद्दल बोलताना लाजू नकोस, पाइपमध्ये निम्मी झटापट त्याचीच असते.

आणि चहा. घरातल्यांना कपबशी, आपल्याला कागदी कप, तोही ओट्यावर लांब ठेवलेला. काही घरांत तसं नसतं, ती घरं लक्षात राहतात. तुला राग येईल, येऊ दे. मला पंचवीस वर्षांनीही येतो. मी फक्त कप रिकामा करून त्यांच्याच हातात परत देतो.

उद्या सकाळी साडेसहाला सातपूरच्या नाक्यावर ये. धनुर्वात आणि कावीळ बी, दोन्हीची इंजेक्शनं झाली नसतील तर आधी दवाखाना, मग गाडी. गमबूट मी देतो, मोजे तुझे आण, दोन जोड. डबा आण, पण गाडीच्या केबिनमध्ये ठेवू नकोस, माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेव. पहिली टाकी पाथर्डीला आहे. झाकण कुठे आहे ते मालकाला माहीत नाही म्हणे.

तुझा,
काका