हळदीच्या पेढीत डोम कॅमेरे: अ‍ॅनालॉग ठेवावेत की आयपी घ्यावेत?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. सांगली मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी, तिला लागून मागे एक गोदाम आणि दुसरं गोदाम साधारण १४० मीटरवर. २०१४ साली बसवलेले आठ अ‍ॅनालॉग डोम (घुमटासारख्या पारदर्शक टोपीचे कॅमेरे) आहेत. त्यातले तीन बंद, उरलेल्यांत रात्री माणूस दिसतो पण कोण ते कळत नाही. एक कॅमेरावाला म्हणतो, सगळं काढा आणि आयपी, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणारे, करा. दुसरा म्हणतो, वायर तीच ठेवा, पाच मेगापिक्सलचे अ‍ॅनालॉग लावा, निम्म्या पैशात काम होतंय. ऐकायचं कोणाचं?

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात मी सतरा वर्षं हेच काम करतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोघांनीही भिंतीतली वायर न तपासता कोटेशन दिलंय, आणि मला तेच खटकलं. कॅमेरा पाच-सात वर्षांत बदलावा लागतो, वायर मात्र पंधरा वर्षं भिंतीत असते. त्यामुळे कॅमेरा कुठल्या जातीचा घ्यायचा हे वायर आणि अंतर बघूनच ठरवावं लागतं.

आधी एक गैरसमज काढू. अ‍ॅनालॉग म्हणजे धुरकट चित्र, हे तुमच्या २०१४ च्या संचापुरतं खरं आहे. त्या काळच्या साध्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरचं, चांगल्यात चांगलं चित्र ९६० बाय ५७६ ठिपक्यांचं (पिक्सलचं), म्हणजे अर्ध्या मेगापिक्सलच्या आसपास. आता त्याच जुन्या पद्धतीच्या, टीव्हीच्या केबलसारख्या कोॲक्सियल वायरीवरून १९२० बाय १०८० आणि त्याहून मोठं चित्र येतं. एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय, एएचडी ही त्याचीच नावं. दोन मेगापिक्सलचा अ‍ॅनालॉग आणि दोन मेगापिक्सलचा आयपी शेजारी शेजारी लावले आणि लेन्स-सेन्सर सारखाच असला, तर पेढीवर बसून फरक सांगणं अवघड जाईल. म्हणजे ‘आयपी घ्या, चेहरा स्पष्ट दिसेल’ हे वाक्य अर्धंच खरं.

चेहरा स्पष्ट दिसणं ठरतं ते एक मीटर रुंदीला किती ठिपके मिळतात त्यावर. अनोळखी माणूस फुटेजवरून ओळखायचा तर मीटरला २५० ठिपके लागतात, ओळखीचा माणूस ‘हाच तो’ म्हणून कळायला १२५ पुरतात. हे आकडे कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. आता हिशेब बघा. दोन मेगापिक्सलला आडवे १९२० ठिपके. २.८ मिलीमीटरची लेन्स दहा मीटरवर साधारण २६ मीटर रुंदी दाखवते, म्हणजे मीटरला जेमतेम ७४ ठिपके. त्याच जागी ६ मिलीमीटरची लेन्स घेतली तर रुंदी सव्वानऊ मीटरच्या आसपास येते आणि ठिपके दोनशेच्या पुढे जातात. मेगापिक्सल तेच, फक्त लेन्स बदलली. उलट २.८ ची लेन्स ठेवून चार मेगापिक्सलचा महाग आयपी घेतलात, तरी मीटरला शंभरच ठिपके मिळतील. आपल्याकडे सरसकट २.८ किंवा ३.६ लावतात, कारण मोबाईलवर अख्खी जागा दिसली की मालक खूश होतो. चोरी झाल्यावर कळतं की अख्खी जागा दिसते, पण चेहरा कोणाचाच ओळखू येत नाही. म्हणून गल्ल्यावर, काट्यावर आणि गोदामाच्या दारात अरुंद लेन्स घ्या, आणि अख्ख्या जागेसाठी एखादाच रुंद.

पेढीच्या तोंडाशी असलेल्या कॅमेऱ्याचा त्रास वेगळा. शटर वर गेलं की बाहेरचं ऊन आत येतं आणि दारातून येणारा प्रत्येक माणूस काळी सावली होऊन येतो. तिथे खरा डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारा गुण, लागतो. माहितीपत्रकात १२० डीबी लिहिलेलं बघा. नुसतं ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ असेल तर सोडून द्या. हा गुण दोन्ही जातींत मिळतो, पण स्वस्तातल्या अ‍ॅनालॉग डोममध्ये सहसा नसतो. कोटेशनमध्ये तो शब्द आवर्जून शोधा.

आता वायरीकडे येऊ. मागे कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात गेटचा कॅमेरा रोज संध्याकाळी सातला बंद पडायचा आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचा. आधीच्या माणसाने दोनदा कॅमेरा बदलून दिला होता, त्याचे पैसेही घेतले होते. मी मल्टीमीटर घेऊन शिडीवर चढलो. दिवसा कॅमेऱ्याच्या पिनेवर ११ व्होल्टच्या आसपास मिळत होते. अंधार पडला, आतले इन्फ्रारेड दिवे लागले आणि काटा माझ्यासमोर ९.४ वर आला. कॅमेरा विझला. दिवे विझले म्हणून व्होल्ट परत वर, कॅमेरा चालू, दिवे लागले, परत खाली. ब्लेडने वायर खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरी तार, म्हणजे ॲल्युमिनियम. ७० मीटर लांब, बारीक ॲल्युमिनियमची तार आणि तिच्यातून बारा व्होल्ट. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता.

तुमच्या बंद पडलेल्या तीन कॅमेऱ्यांतही मला हीच शंका आहे. म्हणून आधी एक काम करा. एकच नवा दोन मेगापिक्सलचा अ‍ॅनालॉग डोम घ्या, जो चारही फॉरमॅटवर (वरची तीन आणि जुना साधा) चालतो असा. कॅमेरावाल्याकडून एक छोटा नवा डीव्हीआर दोन दिवसांसाठी मागून घ्या. मग हा कॅमेरा आठही वायरींच्या टोकाला आळीपाळीने लावून रात्री बघा. चित्र स्वच्छ आलं आणि दिवे लागल्यावर साडेअकराच्या खाली व्होल्ट गेले नाहीत, तर ती वायर ठेवा. चित्रात आडव्या पट्ट्या सरकत असतील तर अर्थिंगचा घोळ आहे किंवा जॉइंट खराब आहे. वायरीच्या टोकाच्या बीएनसी पिना कापून नव्या लावून परत बघा. ब्लेडने खरवडून पांढरी तार निघाली तर ती वायर काढूनच टाका, आणि तिथे निव्वळ तांब्याची कॅट-६ (नेटवर्कची वायर) ओढा. नवी वायर घालायचीच असेल तर आज कोॲक्सियल घालण्यात अर्थ नाही. कॅट-६ वर आयपी चालतो, उद्या गरज पडली तर बलून (वायर जोडायचा छोटा अडॅप्टर) लावून अ‍ॅनालॉगही चालतो. उलटं करायला जादा उपकरणं लागतात.

आयपीचा मला सगळ्यात आवडणारा भाग हा पीओईचा. डेटा आणि वीज एकाच वायरीतून जाते, नेटवर्क स्विचमधून ४८ व्होल्टच्या घरातला दाब निघतो, त्यामुळे लांबीमुळे होणारी घट फारशी जाणवत नाही. साध्या पीओई पोर्टातून १५.४ वॉटपर्यंत मिळतात आणि साध्या डोमला त्यातले सहसा निम्मेही लागत नाहीत. स्विच आणि एनव्हीआर (आयपीचा रेकॉर्डर) एका यूपीएसवर टाकले की लाइट गेली तरी आठही कॅमेरे चालू. मात्र तांब्याच्या नेटवर्क वायरीला १०० मीटरची मर्यादा आहे आणि तुमचं दुसरं गोदाम १४० वर. काही जण मध्ये खांबावर डब्यात स्विच ठेवून भागवतात. तसं करू नका.

दोन इमारतींच्या मध्ये तांबं ओढायचंच नाही, हा माझा नियम आहे, मग कोॲक्सियल असो की कॅट-६. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी असते. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, जवळपास वीज पडली की झटका त्या वायरीतून थेट रेकॉर्डरमध्ये शिरतो. एका वळवात एकाच गल्लीतले तीन डीव्हीआर गेलेले मी उघडून पाहिलेत, तिघांचीही इनपुटची बाजू जळलेली. त्या १४० मीटरला फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क वायर जोडणारा डबा), आणि तिकडच्या गोदामात छोटा पीओई स्विच. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. तारेला आधार म्हणून लोखंडी दोर असलेली फायबर मिळते, ती घेतलीत तर तो दोर दोन्ही टोकांना आत नेऊ नका.

तेव्हा तुमच्याबाबतीत माझा निर्णय असा. पेढी आणि मागच्या गोदामातल्या ज्या वायरी चाचणीत पास होतील त्यांच्यावर नवे एचडी अ‍ॅनालॉग कॅमेरे, गल्ला आणि दारात खऱ्या डब्ल्यूडीआरचे. लांबचं गोदाम आणि गेट आयपी. आणि दोन्ही एकाच रेकॉर्डरवर, कारण हल्लीचे बहुतेक पाच-फॉरमॅट (ते चार आणि आयपी) डीव्हीआर अ‍ॅनालॉगसोबत काही आयपी चॅनल घेतात. फक्त तो किती आयपी कॅमेरे घेतो, त्यासाठी अ‍ॅनालॉग चॅनल बंद करावे लागतात का, आणि आयपीसाठी एकूण किती एमबीपीएस (सेकंदाला किती डेटा) झेपतात, हे तीन प्रश्न विकत घ्यायच्या आधी विचारा. कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा असेल तर ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळवणारं मानक) आहे ना, ते बघा. आठातल्या पाचहून जास्त वायरी नापास झाल्या तर मात्र सगळंच आयपी करा, अर्धवट जुनं ठेवून उपयोग नाही.

हार्ड डिस्कबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही आणि माझ्या अनुभवात लोक इथेच फसतात. तुमच्या धंद्यात पोती कमी भरल्याचं त्याच दिवशी कळत नाही, महिन्याच्या मोजणीत कळतं. आता हिशेब: दोन मेगापिक्सलचा कॅमेरा एच.२६५ (चित्र दाबून लहान करायची पद्धत) वर साधारण २ एमबीपीएसने रेकॉर्ड करतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे रोज १७३ जीबी. बहुतेक कोटेशनमध्ये असते तशी १ टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. मोजणीत पोती कमी निघतील तेव्हा तो दिवस डिस्कवर नसेलच. ६ टीबीत ३४ दिवस राहतं, ८ टीबीत ४६. तुम्ही ८ घ्या, आणि कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरची साधी नको. दोन्ही जातींना हा हिशेब सारखाच लागू.

डोमबद्दल एक गोष्ट, खास हळदीवाल्यांसाठी. तुमच्या गोदामात हवेतच भुकटी असते. डोमच्या पारदर्शक टोपीवर तिचा पातळ थर बसला की रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्या थरावर आपटून परत लेन्समध्ये येतो आणि चित्र पांढरं धुकट होतं. मग हमालाला सांगितलं जातं, जरा पूस रे. तो खांद्यावरच्या फडक्याने कोरडं घासतो आणि टोपीवर बारीक चरे पडतात, ते कायमचे. एका गोदामात मी तीन वर्षांची टोपी उतरवून बल्बसमोर धरली तर ती दुधी काचेसारखी झाली होती. म्हणून गोदामात टोपीवाला डोम नकोच. ‘आयबॉल’ किंवा टरेट म्हणतात तो घ्या. त्यात लेन्ससमोर टोपी नसते आणि दिव्याची काच वेगळी असते. पेढीत, जिथे लोकांचा हात पोचतो, तिथे टोपीवाला मजबूत डोम योग्य. तिथेही आधी पाण्याचा हलका फवारा मारून मऊ कापडाने टिपा. टोपी बसवताना लेन्सभोवतीची रबरी चकती तिला नीट टेकली नाही, तर नवाकोरा कॅमेराही रात्री धुकट दिसतो. बसवणारा शिडीवरून उतरायच्या आधीच दिवे घालवून ते तपासून घ्या.

रेकॉर्डर उंचावर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात गणपती पेठेतल्या एका दुकानाचा डीव्हीआर काउंटरखाली होता, माल वर नेला आणि तो खालीच राहिला.

नेटवर्कच्या बाजूने: २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. अ‍ॅनालॉग घेतलात म्हणून यातून सुटत नाही, डीव्हीआर इंटरनेटला लागला की तोही त्यात आला. पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, पेढीच्या वहीत लिहून कुलपात ठेवा. कॅमेरावाल्याला वेगळं, कमी अधिकारांचं खातं द्या. माणूस फोन उचलेना आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात, अशा रडकुंडीला आलेल्या मालकांचे फोन मला दर महिन्याला येतात. एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडायच्या नव्या कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेची सुरक्षा चाचणी लागते, तेव्हा कोटेशनवर मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

फुटेज पोलिसांत किंवा कोर्टात न्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आधीच्या कायद्यातही ते होतंच. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तेच पक्कं केलं, आणि तिथेही वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरूनच होता. तुमच्या हातात आहे ते रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर ठेवणं. रेकॉर्डरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. रेकॉर्डरमध्ये एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणं) चालू करून घ्या आणि महिन्यातून एकदा मोबाईलच्या घड्याळाशी पडताळा.

आधी ती आठ वायरींची चाचणी करा. कुठल्या वायरीवर रात्री किती व्होल्ट आले आणि चित्र कसं दिसलं ते इथे टाका, दोन्ही कोटेशनचे फोटोही टाका, त्यातलं कोणाचं नाव-नंबर झाकून. मी ओळ न् ओळ बघून सांगतो.