इंदूरला शिकणाऱ्या मुलांनी विधानसभेचं मत कुठे नोंदवावं? आणि विद्यापीठ त्यात खरंच काही करतं का?

तुमची मुलगी बऱ्हाणपूरहून इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठात आली आहे, हॉस्टेलात राहते, नुकतीच अठरा वर्षांची झाली आहे. मध्य प्रदेशच्या पुढच्या विधानसभेसाठी विद्यापीठ मुलांना मतदानापर्यंत नेतं की नुसतेच कार्यक्रम होतात, आणि नाव घरी ठेवावं की इंदूरला, असं तुम्ही विचारलं आहे. मी इथल्याच एका संलग्न कॉलेजात शिकवते. मतदार साक्षरता क्लबचं काम काही वर्षं माझ्या गळ्यात होतं, म्हणून सांगू शकते.

कार्यक्रम भरपूर होतात. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवसाची शपथ असते. निवडणुकीचं वर्ष असलं की रांगोळी, मेंदी, घोषवाक्यं, मानवी साखळी, सेल्फी पॉइंट. फोटो त्याच दिवशी वर पाठवायचे. कॅम्पस अ‍ॅम्बॅसेडर म्हणून एक-दोन विद्यार्थी नेमले जातात, कुठल्याही पक्षाशी संबंध नसलेले. हे सगळं निवडणूक आयोगाच्या ‘स्वीप’ मोहिमेतलं. रांगोळीशी माझं काही वाकडं नाही. पण शपथ झाल्यावर मी विचारायची, ‘यादीत नाव आहे त्यांनी हात वर करा,’ तेव्हा बरेच हात खालीच राहायचे. मुलांना मतदानाचं महत्त्व पटलेलं असतं हो. अडतं ते कागदावर.

कागद म्हणजे फॉर्म ६, यादीत नवं नाव घालायचा अर्ज. हॉस्टेलात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी नाव ठेवायचं की हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदवायचं, याची मोकळीक आहे. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि फॉर्मसोबत प्राचार्य, डीन किंवा कुलसचिवांच्या सहीचं ठरलेल्या नमुन्यातलं बोनाफाइड हवं. आता कुणाही विद्यार्थ्याला विचारा, बोनाफाइड मिळवणं म्हणजे काय असतं. खिडकीवर अर्ज, फीची पावती दाखवा, साहेब दौऱ्यावर, सोमवारी या. आमच्या कॉलेजात एका वर्षी हे कागद इतके रखडले की सही झाली तेव्हा नाव घालायची मुदत उलटून गेली होती. पुढे आम्ही प्रवेशाच्या वेळीच हे पत्र द्यायला सुरुवात केली आणि बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, दोन दिवस हॉस्टेलात बसवलं. चहा-पोह्यांपलीकडे खर्च शून्य, पण साऱ्या मानवी साखळ्यांनी मिळून झालं नव्हतं तेवढं काम झालं. विद्यापीठाने मतदानासाठी एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी, असं माझं ठाम मत आहे.

इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगवाल्या मुलांचे हाल वेगळेच. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी रीवा-सतन्यापासून पोरं येतात, चार-चार वर्षं खोल्या करून राहतात, पण ती कुठल्याच विद्यापीठाची नसतात. त्यांना बोनाफाइड कोण देणार? भाडेकरार असेल तर ठीक, पण घरमालक सहसा तो करत नाहीत. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते खरी, पण एका दिवसात रीव्याला जाऊन परत येणं कसं जमणार? शहरातला हा सगळ्यात राजकारण बोलणारा वर्ग, आणि मत न देणाऱ्यांतही बहुधा हाच पुढे.

आता घरी की इंदूरला. लोक याला तत्त्वाचा प्रश्न करतात, मी म्हणेन आधी कॅलेंडर बघा. २०२३ साली मतदान १७ नोव्हेंबरला होतं, दिवाळी १२ला. मुलं भाऊबीज करून गावीच होती. ज्यांची नावं गावच्या यादीत, त्यांनी आरामात मत दिलं; हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घातलेल्यांना दिवाळी अर्धी टाकून यावं लागलं असतं. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी सकाळी लवकर मत देणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट ठेवली होती, तरी तेवढ्यासाठी कोण येतं? २०२८चं उलटं आहे. दिवाळी १७ ऑक्टोबरलाच येते, आणि गेल्या तिन्ही विधानसभांचं मतदान नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात झालं आहे. तसंच झालं तर मुलं तोवर हॉस्टेलात परतलेली असतील. मुलगी तेव्हा इंदूरलाच असणार असेल तर नाव इथे हलवणं सोयीचं. तरी बऱ्हाणपूर जवळ आहे, खंडवा रोडवरून बस सरळ जाते, मनात असेल तर ती एका दिवसात मत देऊन परतू शकते. मताची किंमत कुठे जास्त, म्हणाल तर २०१८ साली बऱ्हाणपूरचा निकाल जेमतेम पाच हजारांच्या फरकाने लागला, आणि त्याच वर्षी शहरातल्या इंदूर-५ मतदारसंघाचा अकराशेच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे विद्यार्थ्यांची मतं निकालाला भारी पडू शकतात. मात्र दोन ठिकाणी नाव ठेवू नका. कायद्याने मनाई आहे, आणि फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर शिक्षा एक वर्षापर्यंतची आहे.

विद्यापीठं जिथे कचरतात ती जागा म्हणजे चर्चा. २०२४च्या लोकसभेला इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, २ लाख १८ हजारांवर मतं पडली. वर्गात मुलं विचारत होती, नोटा पहिला आला असता तर? (काही नाही, उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं तोच निवडून येतो.) इतका जिवंत धडा दारात चालून आला होता, पण कॉलेजांना वाटलं आचारसंहिता आहे, गप्प बसा. आचारसंहिता प्रचाराला लगाम घालते, कायदा शिकवायला तिची आडकाठी नाही. दुसरं म्हणजे आपल्या राज्यात विद्यार्थी संघांच्या प्रत्यक्ष निवडणुका कित्येक वर्षं झालेल्या नाहीत. विद्यार्थी संघांच्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्येच उमेदवाराच्या खर्चावर पाच हजारांची मर्यादा घालून चौकट आखून दिली होती. स्वतःचा प्रतिनिधी निवडायला न मिळालेल्या मुलाला आमदार निवडण्याची शपथ द्यायची, याचं मला कधीकधी हसू येतं. माझे सहकारी म्हणतात, बरंय, डोक्याला ताप नाही. त्यांचंही अगदी चूक नाही, मारामाऱ्या आम्ही पाहिल्या आहेत.

तुमच्या मुलीसाठी आत्ता एवढं करा. २०२५च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली होती, तेव्हा घरच्या सगळ्यांची नावं नव्या यादीत आहेत ना, ते आधी बघा. १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन केला तरी कळतं. मुलीचं नाव अजून कुठेच नसेल तर फॉर्म ६ भरा. आता १ जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखाही पात्रतेसाठी धरतात. पुढे बऱ्हाणपूरहून इंदूरला हलवायचं झालं तर फॉर्म ८, आणि तो २०२८च्या पावसाळ्यातच भरून टाका, कारण उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी आलेलेच अर्ज साधारणपणे धरले जातात. मतदानाला जाताना व्होटर कार्ड नसेल तर आधार किंवा पॅन चालतं. कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही, आणि दर खेपेला चार-दोन मुलं नेमकं तेच घेऊन रांगेत उभी असतात.