मॅडम, भरपूर खाऊलालोय की, पण अंगालाच लागंना

मे महिन्यातली दुपार होती, बाहेर ४२ डिग्री, माझ्या समुपदेशनाच्या केबिनमधला कूलर नुसती गरम हवा फेकत होता, आणि समोर बसलेल्या पोराने टीशर्टच्या आत अजून एक टीशर्ट घातलेला. कॉलरपाशी आतल्या राखाडी टीशर्टची कड दिसत होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. पंखा वाढवू का विचारलं तर मान हलवून नको म्हणाला. सोबत आई होती, तिनेच सुरुवात केली. "मॅडम, हा सारखा आरशासमोर उभा राहतोय, घरात कुणाशी बोलत नाही, आणि माझ्या भिशीचे तीन हजार घेऊन कसली तर पावडर आणलाय."

पोरगा खाली बघत म्हणाला, "भरपूर खाऊलालोय की ओ मॅडम. सात महिने झालं जिम करूलालोय. अंगालाच लागंना, मग काय करू?"

त्याला आपण सागर म्हणू. नाव बदललंय, थोडे तपशीलही बदललेत, आणि त्याला आणि आईला विचारूनच लिहितेय. वय १९, उंची पाच फूट आठ, वजन ५४ किलो. सोलापूरच्या पूर्वभागात घर, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळते, बोलत असतानासुद्धा तिची बोटं पदरावर तशीच फिरत होती, हातात पान नाही तंबाखू नाही तरी.

"अंगाला लागत नाही" ही तक्रार घेऊन येणारी पोरं आता खूप वाढलीत. पूर्वी घरचे परीक्षेच्या टेन्शनसाठी घेऊन यायचे, आता दंडासाठी आणि छातीसाठी आणतात, म्हणून ही एक केस जरा सविस्तर सांगतेय.

पहिली गोष्ट मी त्याला हीच सांगितली की तुझं म्हणणं खोटं नाहीये. या उंचीला ५४ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १८ च्या आसपास येतो, १८.५ च्या खाली गेलं की वजन कमीच धरतात. घरचे त्याला "काही नाही रे, सगळं मनाचे खेळ आहेत" म्हणून गप्प बसवत होते आणि मला वाटतं तिथेच तो घरच्यांपासून तुटला. आधी त्याला फिजिशियनकडे पाठवलं, थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन, छातीचा एक्सरे, सगळं बघून घेतलं. बारीक पोरगं समोर आलं की थेट मनावर बोलायला लागायचं नाही, आधी शरीर तपासून घ्यायचं, हे मी कायम पाळते. रिपोर्ट नॉर्मल आले.

मग माझ्या ओळखीतल्या एका डाएटिशियन ताईंसोबत बसून त्याला तीन दिवस वहीत सगळं लिहायला लावलं, चहासुद्धा. वही बघितली आणि "भरपूर" म्हणजे काय ते कळलं. सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी एक भाकरी, पातळ आमटी, शेंगाचटणी, संध्याकाळी जिमनंतर केळ्याचा शेक, रात्री साडेनऊला परत आमटी आणि चमचाभर भात. भाकरी आणि भात त्याने मुद्दाम कमी केलेला, कारण जिममध्ये कोणीतरी सांगितलेलं की कार्ब बंद कर, कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेघा, दिसतील. अरे ५४ किलोच्या पोराला कसले कट्स! वजन वाढवायचं असेल तर शरीर जेवढं खर्च करतं त्याच्यापेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त पोटात जायला पाहिजेत, आणि हा तर उलट घास कमी करून रोज दीड तास व्यायाम करत होता.

प्रोटीन काढलं तर ४५ ग्रॅमच्या आसपास निघालं. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम सांगितलंय, ५४ किलोला ते बरोब्बर ४५ होतं. म्हणजे व्यायाम न करणाऱ्याचं भागेल एवढंच. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ च्या जवळपास लागतं, काहीजण २.२ पर्यंत जातात, म्हणजे सागरला ८५ ग्रॅम तरी हवं. राहिलेले ४० ग्रॅम कुठून आणायचे? आई लगेच म्हणाली, "परत पावडर का मॅडम?" नाही ताई. अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम मिळतं, दोन अंड्यात १२, मूठभर फुटाण्यात नाहीतर शेंगदाण्यात सात-आठ, आणि आमटी जरा घट्ट करून वाटीभर जास्त खाल्ली की झालं. श्रावणात आणि शनिवारी घरात अंडं चालत नाही, त्या दिवशी मूठभर सोयाबीन वड्या, सुक्या १०० ग्रॅम वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. हे सगळं त्या डब्यापेक्षा कमी पैशात महिनाभर बसतं. आणि भाकरी परत सुरू, एकाच्या दोन, वर शेंगाचटणी आणि तेल. सोलापुरात राहून पोरगं ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी सोडतं याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण वजन वाढवायला इतकं स्वस्त आणि पोटभर जेवण दुसरीकडे शोधून सापडत नाही.

व्यायामाची वही तर त्याहून बोलकी होती, म्हणजे वही नव्हतीच. आठवड्यातले सहा दिवस छाती आणि बायसेप्स, पाय कधीच नाही, आणि सात महिने तोच ७.५ किलोचा डंबेल. स्नायूला काल जमलं तेच आज परत दिलं तर त्याने वाढायचं कशासाठी? भार हळूहळू वाढला पाहिजे, या आठवड्यात आठ वेळा उचललं तर पुढच्या आठवड्यात नऊ, बारापर्यंत पोचलं की वजन वाढवायचं आणि परत आठपासून. प्रत्येक सेट, म्हणजे न थांबता उचलायची एक फेरी, एवढा लागला पाहिजे की शेवटी अजून एक-दोनच निघाले असते असं वाटावं. एक स्नायू आठवड्यातून दोनदा, त्या स्नायूचे आठवड्याला मिळून दहाच्या आसपास सेट, मध्ये दोन दिवसांची गॅप, कारण वाढ जिममध्ये होत नाही, ती नंतरच्या दिवसा-दोन दिवसांत होते, जेवताना आणि झोपेत. झोप विचारली तर रात्री दीडपर्यंत मोबाईल, त्यात पाठीच्या रील्स, दंडाच्या रील्स. जिममध्ये नीट शिकवणारा एक जुना, तालमीतून आलेला माणूस शोधून दिला, त्याने पहिल्याच दिवशी स्क्वॅट आणि डेडलिफ्ट रिकाम्या रॉडवर शिकवायला घेतलं. सागरला तो अपमान वाटला होता, नंतर सांगितलं त्याने.

आता ही झाली हिशोबाची बाजू. ती सोपी आहे, खरंच. पण मला पहिल्या दिवसापासून ते दोन टीशर्ट सतावत होते.

दुसऱ्या भेटीत आई बाहेर बसली. त्याला म्हटलं, दिवसात किती वेळा दंडाचं माप घेतोस? गप्प. मग खिशातून इंचटेप काढून टेबलावर ठेवला. आईचा शिलाईचा पिवळा टेप. मी उलगडून बघितला, सगळे आकडे ठळक, फक्त ११ ते १२ च्या मधला भाग अंगठ्याने घासून घासून पांढरा पडलेला, तिथल्या रेघासुद्धा दिसत नव्हत्या. सकाळी उठल्यावर, अंघोळीनंतर, जिमच्या आधी, जिमच्या नंतर, झोपताना. जिमनंतर रक्त भरलेलं असतं तेव्हा अर्धा इंच जास्त यायचं, तेवढा तास बरा जायचा, रात्री परत सव्वा अकरा इंच, आणि मग झोप नाही. चुलतभावाच्या लग्नाला गेला नाही, फोटो निघतात म्हणून. मंडळाच्या लेझीममध्ये तो पाचवीपासून होता, मागच्या गणपतीत सोडलं, कारण मंडळाने दिलेला टीशर्ट अंगाला घट्ट बसायचा आणि अंग भरलेलं दिसायला आत दुसरा मावायचा नाही.

हे कधीपासून? तर अकरावीत असताना एका नातेवाईकाने पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलेलं, "आला बघा काडीपैलवान, धरा ओ त्याला, पंख्याने उडंल." सगळे हसले, वडीलसुद्धा. वडील हसले हे सांगताना त्याचा आवाज गेला. माझी सगळ्या काका-मामांना हात जोडून विनंती आहे, पोरीच्या रंगावर बोलू नये हे आपल्याला आता थोडंफार समजायला लागलंय, पोराच्या अंगावर बोललेलंही तसंच आत जाऊन बसतं, तो फक्त रडून दाखवत नाही.

असं होतं त्याला नाव आहे, मसल डिसमॉर्फिया. अमेरिकेतल्या हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे नाव दिलं, आणि २०१३ पासून मानसिक आजारांच्या डीएसएम या वर्गीकरणात बॉडी डिसमॉर्फियाचा, म्हणजे आपल्या शरीरात खोट आहे असं सतत वाटण्याच्या आजाराचा, एक प्रकार म्हणून ते आहे. यात माणूस कितीही भरला तरी आरशात त्याला बारीकच दिसतो, आणि मापणं, लपवणं, टाळणं यात दिवस जातो. सागर पूर्ण त्यात अडकला होता असं मी म्हणणार नाही, पण वाटेवर नक्की होता, आणि या वाटेवर पुढे काय येतं ते त्याच भेटीत कळलं. पावडरीच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबरच नव्हता. आणि ज्याने डबा दिला त्यानेच सांगितलेलं, पावडरने नाही होणार, दहा आठवड्यांचा कोर्स कर, इंजेक्शन मी आणून देतो. इंजेक्शन म्हणजे टेस्टोस्टेरॉन, स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन.

इथे मी त्याला भीती घातली नाही, पण काही लपवलंही नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू आतलं काम थांबवायला सांगतो, वृषणं लहान होतात, शुक्राणू कमी होतात, काहींना छातीला गाठ येते, पिंपल्स, बीपी, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, हृदयावर ताण, आणि बंद केल्यावर येणारी उदासी इतकी वाईट की पोरं परत सुरू करतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला परवानगीच नाही. तो ऐकत होता, मग विचारलं, "पण लागतं ना मॅडम अंगाला?" हो, लागतं. खोटं सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी जिममधल्या कोणाचा तरी दंड बघून माझं सगळंच खोटं ठरवलं असतं. मी एवढंच विचारलं, किती इंच झाल्यावर आतला टीशर्ट काढशील? तो म्हणाला पंधरा. मग जरा थांबून म्हणाला, "आधी बाराला काढणार होतो."

कोर्सचा विषय त्याच्याकडून परत निघाला नाही.

टेप मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. माप महिन्यातून एकदा, माझ्याकडे येऊन, सकाळी, जिमच्या आधी. वजन आठवड्यातून एकदा, महिन्याला पाऊण-एक किलो वाढलं तर उत्तम, त्याहून घाई केली तर पोटच सुटतं. रोज लिहायचं ते फक्त किती उचललं. मग टीशर्टची प्रॅक्टिस. पहिल्या आठवड्यात एकच टीशर्ट घालून घरात, मग गल्लीत, मग सात रस्ता चौकात चहा प्यायला, आणि तिथे उभं राहून मोजायचं की किती लोक आपल्या दंडाकडे बघतात. आला तेव्हा चिडलेला होता, "कोणीच बघत नाही मॅडम, सगळे मोबाईलमध्ये आहेत."

वडिलांनाही बोलावलं. एक शिफ्ट बुडवून आले, सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग पोराकडे न बघता म्हणाले, "मी हसायला नको होतं." त्यानंतर रोज संध्याकाळी येताना दुधाची पिशवी तेच आणायला लागले.

सरळ रेषेत काही झालं नाही हे पण सांगते. जूनमध्ये दोन आठवडे वजन हललं नाही आणि त्याने मित्राचा टेप वापरला, स्वतःच येऊन सांगितलं. जुलैत ताप आला, दीड किलो गेलं, तेव्हा आठवडाभर परत दोन टीशर्ट. त्याला ओरडायचं काही कारण नव्हतं, परत गल्लीपासून सुरुवात केली. ऑगस्टमध्ये तो लेझीमच्या सरावाला गेला. दोन-अडीच तास ती लेझीम हातात घेऊन खाली बसून उठायचं म्हणजे मांड्या पेटतात, जुनी पोरं दमून बाजूला व्हायची आणि हा टिकायचा, स्क्वॅटमुळे असेल. शेजारच्या पोराने विचारलं, काय करूलालास बे हल्ली? हे सांगताना पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले.

विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाच्या टीशर्टात होता, आत काही नाही. फोटो त्याच्या आईने पाठवला. तेव्हा वजन ५७ च्या थोडं वर, दंड बारा इंचाला जरासा कमी. कपड्यातून कोणाला विशेष फरक कळणार नाही एवढंच.

दिवाळीच्या आधी एकदा अपॉइंटमेंट नसताना आला, दारातूनच म्हणाला, "मॅडम, तो टेप द्या की, आई ब्लाऊज शिवायला घेतलीय." मी ड्रॉवरमधून काढून दिला. माप घ्यायची त्या महिन्याची तारीख उलटून आठ दिवस झालेले, त्याच्या लक्षात नव्हतं, मीही काढलं नाही.