११२ किलो वजन, मागचं चाक आणि ५८ हजारांची सायकल

इंदूरच्या रामबागेतल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, वजन ११२ किलो. रोज सायकलवर ऑफिस, रविवारी सिमरोल घाट आणि पुढे तिंछाचा कच्चा रस्ता. सायकल २६ इंची, डिस्क ब्रेकची, १४ हजारांची. चौदा महिन्यांत मागच्या चाकाच्या तारा नऊ वेळा तुटल्या. आता तयार चाक घ्यावं (२,२०० रुपये), कारागिराकडून बांधून घ्यावं (८,४०० रुपये), की बारा हप्त्यांत ५८ हजारांची नवी सायकलच आणावी? पगार ४६ हजार, घराचा हप्ता १७ हजार, हाताशी जेमतेम दीड महिन्याचा खर्च.

नमस्कार. नवी सायकल नको, हे आधीच सांगतो. दुकानदार हप्ते बिनव्याजी म्हणतो आणि रोख दिले तर ३ हजार सूटही देतो. मग ते ३ हजार म्हणजेच व्याज. शून्य टक्क्यांच्या अशा योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बोट ठेवलं होतं. त्यात दीड महिन्याची पुंजी असलेल्या घरावर दरमहा ४,८३३ रुपयांचा आणखी एक हप्ता मी बसू देणार नाही. शिवाय त्या किमतीच्या सायकलचं मागचं चाकही बहुधा मशीनवर बांधलेलं, ३२ तारांचंच असेल. म्हणजे दुखणं तेच राहील, फक्त सायकल महागडी होईल.

तुम्ही लिहिलंय, "माझ्या वजनाने तार ताणून तुटते." असं नसतं. चाक फिरताना जमिनीकडे येणारी तार क्षणभर सैल पडते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. ताण मुळात कमी किंवा कमी-जास्त असेल, तर हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे तार वाकवलेली असते तिथे ती प्रत्येक फेऱ्याला हलते आणि एक दिवस थकून तुटते. तुमच्या फोटोतली तारही नेमकी त्या कोपरापाशीच तुटली आहे. वजन जास्त असलं की हे लवकर होतं, एवढंच. आज घरी एक करून बघा. गिअरच्या बाजूच्या तारा बोटाने एकेक छेडा. साधारण एकच सूर यायला हवा. एखादी टण्ण आणि शेजारची भद्द वाजली, तर तिथेच दोष आहे. आणि एक तुटली की तिच्या बरोबरीच्या बाकीच्याही तेवढ्याच थकलेल्या असतात. म्हणून नऊ वेळा एकेक तार बदलूनही काही साधलं नाही.

आता पैशांचं बघू. तुमच्याच आकड्यांप्रमाणे दुरुस्त्या १,६२०, एक रिम ९०० आणि सायकल घरी आणायला दोनदा लोडिंग रिक्षा ८०० रुपये. एकूण ३,३२०, म्हणजे महिन्याला २३७. बांधलेलं चाक पाच वर्षं चाललं असं धरू. त्यात दरवर्षी आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायचे ३०० आणि मध्ये एकदा रिम बदलायचे २,००० मिळवले, तरी ११,९०० होतात. महिन्याला १९८ रुपये. फरक फार मोठा नाही, हे मान्य. पण घाटाच्या उतारावर चाक दगा देण्याची भीती बरीच कमी होते, आणि माझ्या लेखी ती मोठी गोष्ट आहे.

२,२०० चं चाक स्वस्त वाटतं, पण त्याचा हब फ्रीव्हीलचा आहे, म्हणजे गिअरच्या चकत्या आणि फिरकी मिळून एकच तुकडा हबवर आट्यांनी बसतो. त्यात गिअरच्या बाजूचं बेअरिंग आत राहतं, एक्सलचा बराच भाग आधाराविना उरतो आणि जड स्वारांच्या सायकलचा तो वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये (फिरकी हबमध्येच, वर फक्त चकत्यांचा संच) बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं. पैसे इथे घाला. ३६ तारा, दुहेरी भिंतीची रिम, स्टेनलेसच्या २ मिमीच्या तारा आणि तीन-क्रॉस बांधणी (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना छेदून जाते), एवढं पुरे. हलक्या वजनाच्या रिमसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. तुमचे सात गिअर आहेत म्हणून शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) बदलायला सांगतील. गरज नाही. ८-९ गिअरच्या हबवर ४.५ मिमीचा स्पेसर घालून सात गिअरची कॅसेट बसते. फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथलं अंतर मात्र मोजून घ्या, बहुतेक १३५ मिमी असेल. ब्रेकची डिस्क सहा बोल्टची असेल तर हबही तसाच हवा.

कोटेशन कधीचं आहे तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे.

दोन महिने ४,२०० रुपये बाजूला काढा, चाक रोखीने येईल. तोवर ऑफिसला जा, तिंछा नको. बांधणीच्या मजुरीतच शंभर-दीडशे किलोमीटरनंतर एकदा ताण तपासून देणं आलं पाहिजे. तसं बिलावर लिहून घ्या. नव्या तारा सुरुवातीला बसतात आणि ताण उतरतो. ही एक फेरी चुकवलीत तर ८,४०० चं चाकही जुन्याच वाटेने जाईल.